साहेबांचं नाक, माझी जीभ

आमच्या साहेबांनी उभ्या जन्मात मटणाचा तुकडा तोंडात घातला नाही, आणि भाजलेलं मटण त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी दम्मामपासून जेद्दापर्यंत दुसरा पाहिला नाही. गावात हे सांगितलं की नाक्यावरची माणसं एकमेकांकडे बघत चहा पितात. माझं बोलणं निम्मं खोटं असतं, असा आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर समज आहे. असू दे. हे उरलेल्या निम्म्यातलं आहे.

साहेब पुण्याचे, वेल्डिंगचे इन्स्पेक्टर. मी रत्नागिरीकडचा, त्यांचा ड्रायव्हर. कंपनीचं ऑफिस धाहरानला आणि कामं जिथे रस्ता संपतो तिथे. तेलाच्या पाइपांचे सांधे साहेब तपासायचे; त्या सांध्यांपर्यंत साहेबांना नेऊन परत आणायचं, एवढं माझं काम. चौदा वर्षं केलं. तेवढ्या काळात गाडीची तीन इंजिनं बदलली, साहेबांचा शर्ट नाही. अर्ध्या बाह्यांचा, पांढरा. खिशात खडू, बोटाएवढी बॅटरी आणि एक भिंग. अंगाने इतके बारीक की शमाल, म्हणजे उत्तरेकडचा तो वाळूचा वारा, सुटला की मी त्यांना गाडीच्या आडोशाला उभं करायचो. नाक तेवढं भरभक्कम.

एकदा खफजीच्या रस्त्यावर, काचा बंद, एसी चालू, साहेब मागे डुलकी घेत होते. डोळे न उघडता म्हणाले, "भाई, पुढे कोणीतरी ओलं लाकूड जाळतंय. थांबू नका." तीस किलोमीटरवर एक हॉटेल लागलं, दारात धूर कोंडलेला. बरं, तीस नसतील, तीन असतील. पण काचा बंद होत्या.

जेवायला हॉटेल शोधायची त्यांची पद्धत होती. रस्त्यात कोणाला विचारायचं नाही. विचारलं की माणूस आपल्या मेहुण्याच्या हॉटेलात पाठवतो. दाराबाहेर जेवणाचे रंगीत फोटो लावले असतील तर गाडीचा वेगसुद्धा कमी करायचा नाही. आणि थांबलोच, तर पुढच्या दाराने आत जायचं नाही. आधी मागे जायचं. मागे लाकडाची रास बघायची, राख बघायची, आचारी उभा आहे की बसलाय ते बघायचं. "पुढची बाजू मालकाची असते, भाई," ते म्हणायचे, "मागची कामाची."

आता कल्पना करा. रस्त्याकडेचं हॉटेल. मागच्या अंगणात एक परका माणूस उगवतो. पांढरा शर्ट, हातात बॅटरी, डोळ्याला भिंग. कोणाशी बोलत नाही. वाकून राख हुंगतो. तिथल्या आचाऱ्यांना एकच वाटायचं, बलदियाचा माणूस आला. बलदिया म्हणजे नगरपालिका. मी गाडी लावून येईपर्यंत आत पळापळ झालेली असायची. ज्यांनी जन्मात टोपी घातली नाही त्यांच्या डोक्यावर टोप्या, हातात मोजे, आणि एकाने तर घाईत मोजे घातलेल्या हातांवर आणखी मोजे चढवले होते.

खफजीच्या अलीकडे एक येमेनी आचारी होता. त्याच्याकडे मंदी. जमिनीत पुरुषभर खोल भट्टी, तळाला निखारे, त्यावर भाताचं पातेलं, भाताच्या वर लोंबतं बकरं. वर झाकण ठेवून कड मातीने लिंपायची. मांस वाफेवर शिजतं आणि त्याची चरबी थेंब थेंब भातात उतरते. साहेब त्या झाकणाभोवती दोन फेऱ्या मारून आले. आचाऱ्याने घाबरून अर्धं बकरं ताटात काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी हात जोडले. म्हणाले, मी मांस खात नाही.

त्या माणसाचं तोंड मी विसरणार नाही. लाच घेणारे अधिकारी त्याने पाहिले असतील, न घेणारेही ऐकले असतील. पण समोर आलेल्या बकऱ्याला नाही म्हणण्यासाठी, आपण मांसच खात नाही, असं सांगणारा अधिकारी म्हणजे कयामतीची खूण. तो मटकन खाली बसला. साहेबही त्याच्याशेजारी बसले आणि झाकणाच्या डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "इथून श्वास बाहेर जातोय." आचाऱ्याने हात लावला. खरंच, केसाएवढी भेग. त्याने ओली माती लावली. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा मंदी अशी झाली होती की मी तीन दिवस दुसरं काही खाल्लं नाही. दीड दिवस म्हणा. येमेनी शेवटपर्यंत साहेबांना 'बलदिया'च म्हणत राहिला, पण प्रेमाने.

मग साहेबांना काय मिळायचं? रोटी, कच्चा कांदा, टोमॅटोची तिखट चटणी, दही, खजूर. एवढं पुढ्यात घेऊन ते माझ्यासमोर बसायचे, आणि मी पहिला घास घेतला की म्हणायचे, "सांगा."

सांगावं लागायचं. आधी वरच्या सालीचं, मग आतलं, मग हाडाजवळचं. मी आपला सुटायचो: साहेब, साल अशी की पापड लाजेल, साहेब, दात आज सुट्टीवर गेले, साहेब, हे बोकड मेलं नाही, हसत हसत झोपी गेलं. ते कांदा चावत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "निम्मं वजा." मग स्वतः सांगायचे, "हाडाजवळ जरा घट्ट असेल. पाऊण तास आधी उघडलंय." मी हाडाजवळ दात लावायचो. घट्ट. दर वेळी.

एकदा कामासाठी जेद्दाला गेलो. तिथल्या शराफिया वस्तीत आमच्या रत्नागिरी-रायगडची इतकी माणसं की तिथे अरबी बोललं तर लोक वळून बघतात. माझा मामेभाऊ तिथे दुकानात होता. तो आम्हाला रोज आपल्याकडच्या हॉटेलात न्यायला बघायचा. साहेब म्हणाले, मटण-भाकरी खायला भाईंना रत्नागिरी आहे. तीन दिवस त्यांनी मला गल्ल्या तुडवायला लावल्या. बुखारी भाताबरोबर कोळशावर भाजलेली कोंबडी झाली. तापलेल्या दगडांवर भाजलेलं मांस, त्याला मदबी म्हणतात, तेही झालं. तिसऱ्या दिवशी एका गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. हिरव्या फांद्यांचा ढीग होता. दक्षिणेकडच्या डोंगरातली माणसं मांस तशा फांद्यांत गुंडाळून भट्टीत ठेवतात. हनीद. मांसाला पाल्याचा जरासा कडवट वास येतो. मी सांगत होतो, साहेब डोळे मिटून ऐकत होते. मामेभाऊ माझ्या कानाशी लागला, "हा माणूस खात का नाही रे?"

साहेबांनी ऐकलं. म्हणाले, "घरी खात नव्हते, म्हणून मी खात नाही. त्यात मोठं काही नाही. मला मांसाचं काही नाही हो, मला विस्तवाचं आहे."

तेच खरं होतं. जाड पाइपाचा सांधा वेल्ड केला की तो पुन्हा तापवायचा असतो, आणि मग गोधडीसारखं जाड कापड गुंडाळून हळूहळू निववायचा. घाई केली की आतून चिरतो, वरून दिसत नाही. साहेबांना सांधा आणि भट्टी एकच होतं. गोधडीत गुंडाळलेल्या पाइपाशेजारी ते तासन्‌तास बसायचे, आजाऱ्याजवळ बसावं तसे. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि नकोही होतं. पुण्यात बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. एक फ्लॅट, आणि त्याच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे.

मग सौदीकरणाची वर्षं आली. सरकारने कंपन्यांना रंग दिले. सौदी माणसं पुरेशी असतील ती हिरवी, नसतील ती पिवळी, मुळीच नसतील ती लाल. आमची पिवळी होती आणि तिला लाली चढत होती. मग ज्याच्या त्याच्या खुर्चीला एक सौदी वारस नेमला गेला. त्याला शिकवायचं, तो तयार झाला असं सही करून द्यायचं, आणि सही केली की आपण घरी जायचं. कॅम्पवर त्या दिवसांत एक नवी कला निघाली होती: न शिकवता शिकवणं. एका मल्याळी बाबूने आपल्या वारसाला दोन वर्षं नुसती फायलींची नावं पाठ करायला लावली होती. साहेबांनाही सगळ्यांनी तोच सल्ला दिला. बारा सह्यांचा फॉर्म आहे, अकरा करा, बारावी राहू द्या.

साहेबांच्या वाट्याला आला तो सव्वीस वर्षांचा मुहंदिस. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. कडक इस्त्रीचा पांढरा झगा, अंगाला अत्तर, डोळे फोनमध्ये. बाप बद्दू, म्हणजे वाळवंटातला फिरता धनगर; खफजीच्या वाटेवर त्याचे उंट आणि बकऱ्या. पहिला महिना मुहंदिस गाडीतून उतरला नाही. वाळू फार आहे म्हणायचा. बद्दूचा मुलगा!

 एका दुपारी जेवायला थांबलो तेव्हा साहेबांनी त्याला सहज विचारलं, आत कोणतं लाकूड जळतंय. तो हसला. म्हणाला, माझा आजा तंबूत जन्मला, मला काय विचारता, समर आहे. समर म्हणजे तिकडची बाभूळ. साहेब त्याला मागे घेऊन गेले. मागे फोडलेली खोकी होती, रंग दिलेली, खिळ्यांसकट. पुण्याच्या शाकाहारी माणसाने वाळवंटातल्या पोराला त्याच्याच विस्तवावर नापास केलं. तो परत आला, फोन खिशात ठेवला आणि त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्या आठवड्यात तो माझ्या आधी उतरून हॉटेलाच्या मागे गेलेला असायचा. नंतर पाइपांच्या खालीही जाऊ लागला. त्याचा झगा गेला, कामाचे कपडे आले. साहेबांना तो 'उस्ताज' म्हणू लागला, म्हणजे गुरुजी. गाडीत दोघांचं इंग्रजीत चालायचं, सांधे आणि भट्ट्या. आणि मी पुढे बसून, माझी जागा चाललीय की काय, म्हणून आरशात बघायचो. पण जीभ माझीच राहिली. मुहंदिस चवीचं सांगायला लागला की, "ठीक आहे," एवढंच सांगायचा.

अकरा सह्या झाल्या. बारावी ओळ होती: हा माणूस एकट्याने काम करू शकतो.

खफजीला जानेवारीत एक मोठा सांधा होता. दुपारी शमाल सुटला. साहेब केबिनमध्ये तपमानाच्या कागदावर नजर ठेवून होते. रेघ सरळ उतरत होती, सगळं ठीक. मुहंदिस बाहेर गेला. वीस मिनिटांनी वाळूचा पुतळा होऊन परत आला. म्हणाला, उस्ताज, पाइपाच्या खालची गोधडी वाऱ्याने सुटलीय, खालून सांधा गार पडलाय. तपमान मोजणारी तार वर लावलीय, तिला कळत नाही. सांधा पुन्हा करावा लागेल.

साहेब उठले, गेले, पोटावर सरपटत पाइपाखाली शिरले. परत आले तेव्हा शर्ट पहिल्यांदा पांढरा नव्हता. मला म्हणाले, "मी आज पुढच्या दाराने गेलो, भाई. तो मागे गेला."

आणि तिथेच, केबिनच्या टेबलावर, बारावी सही केली. फॉर्म लिफाफ्यात घातला आणि मला दिला: ऑफिसात पोचवा.

मी पोचवला नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, फॉर्म घेणारा बाबू रजेवर आहे. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद होता. मग सुट्टीचा शुक्रवार आला. मग बाबूची सासू वारली. तिच्यानंतर, काही सुचेना म्हणून, दुसरी सासू वारली. मुसलमान बाबूला दोन सासवा असू शकतात, साहेब काय विचारणार! लिफाफा डॅशबोर्डच्या खणात, माझ्या पानमसाल्याशेजारी. नऊ दिवस झाले.

नवव्या दिवशी धाहरानला येताना साहेब पुढच्या सीटवर बसले होते. म्हणाले, "भाई, त्या खणात लिफाफा आहे. काल तुम्ही कबाब खाऊन त्याला हात लावलाय."

मी गाडी बाजूला घेतली.

"कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

साहेबांनी चष्मा पुसला.  "मलाही नऊ दिवस हवे होते," ते म्हणाले. "आता द्या पोचवून. पोराचा सांधा चांगला जमलाय, भाई. चांगल्याला वाईट म्हणायला मी कधी शिकलो नाही."

मी लिफाफा दिला. बाबूने ठप्पा मारला. त्याच्या दोन्ही सासवा, तेव्हा कळलं, ठणठणीत होत्या.

साहेब जायच्या आदल्या शुक्रवारी मुहंदिसच्या बापाने जेवायला बोलावलं. दोन दिवस आधी मुहंदिस मला एकट्याला गाठून विचारायला आला, उस्ताजसाठी वेगळं करायचं तर काय काय सांभाळायचं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, बाबा रे, हा तुला साधा माणूस वाटला काय? भट्टी नवी पाहिजे. भांडं कोरं पाहिजे. पळी कोरी. लाकूड असं की ज्याने बकरं पाहिलं नाही. आणि बकऱ्याचा वारा लागलेलं ताट तो पुढ्यात घेत नाही. मी गंमत करत होतो. त्याने फोनवर सगळं लिहून घेतलं, तेव्हा थांबायला हवं होतं.

दुपारी पोचलो. मोठा तंबू, गालिचे, मुहंदिसचे काके-मामे. एकीकडे धुमसणारी मोठी भट्टी, आमच्यासाठी. आणि तिथून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, दुसरी. ताजी खणलेली, मातीसुद्धा अजून ओली. तिच्याजवळ उभ्या माणसाने त्या दिवशी मोठ्या भट्टीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. भांडं खोबर शहरातल्या दुकानातून आणलेलं, त्यावरचा कागद अर्धा चिकटलेला. बकऱ्या मात्र कुठे दिसेनात. मी मुहंदिसला विचारलं. तो म्हणाला, टेकाडापलीकडे हाकलल्यात. तूच म्हणालास ना, वारा नको.

मी तोंड फिरवलं. माझं एक खोटं मुहंदिसच्या म्हाताऱ्या बापाने सबंध वाळवंटात मांडून ठेवलं होतं.

साहेब अर्थातच तंबूत शिरले नाहीत. आधी मागे गेले. नव्या भट्टीभोवती एक फेरी मारली, वाकले, झाकणाच्या कडेने नाक नेलं, मातीवर तळवा ठेवला. म्हणाले, "अजून अर्धा तास."

मुहंदिस शेजारी बसला. त्यानेही तळवा ठेवला.  तो हळूच म्हणाला, "नाही, उस्ताज. आत्ता."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात बाजूला घेतला. "उघड."

तिकडे पाहुण्यापुढे ताटात बकऱ्याचं डोकं ठेवायची रीत आहे, तो मान. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने ताट आणलं आणि साहेबांपुढे ठेवलं. भाताच्या ढिगावर, जिथे डोकं असायचं तिथे, अख्खा भाजलेला भोपळा. बाजूला वांगी, कांदे. म्हातारा अरबीत काही बोलला, मी मराठी करून सांगितलं: ज्याने माझ्या मुलाला विस्तव दाखवला, तो माझ्या विस्तवावर कांदा-रोटी खाऊन जाणार नाही.

साहेबांनी भोपळा फोडला. वाफ निघाली. पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. चौदा वर्षं मी या माणसासमोर बसून घासाघासाचं वर्णन केलं होतं. आज मी पुढे सरकलो आणि म्हटलं, "सांगा."

  नाकाचा माणूस, चवीचं बोलायची सवयच नव्हती. मग त्यांनी आपल्या ताटातला भोपळ्याचा एक तुकडा भातासकट उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तुम्हीच सांगा, भाई."

मी खाल्ला. उपमा शोधल्या. पापड, दात, सुट्टी, सगळं आठवून पाहिलं. एकही कामाची निघेना.

"साहेब," मी म्हटलं, "मीठ जरा कमी आहे. बाकी असं मी कधी खाल्लं नाही."

साहेबांनी मान हलवली आणि दुसरा घास घेतला.

"आज काही वजा करत नाही," ते म्हणाले.